टाकीवरची रेघ आणि किनाऱ्यावरचे मीठ

मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीवर कारखान्याने चढवलेला रंग, त्यावर ओढलेली सोनेरी किंवा पांढरी रेघ आणि दोन्ही बाजूंची बोधचिन्हे यांचा गाडीच्या चालण्याशी काही संबंध नसतो. तरीही जुन्या गाडीचे साल, तिचा कारखाना आणि तिने सोसलेले हवामान यांची जेवढी साक्ष या तीन गोष्टी देतात तेवढी इंजिनही देत नाही. इंजिनाचे भाग झिजले की बदलले जातात आणि जुना भाग भंगारात जातो, टाकीवर मात्र एका रंगावर दुसरा रंग चढत जातो आणि खालचा रंग बहुधा जागेवरच राहतो. पालघर जिल्ह्यातील घिवली हे तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरातील मच्छीमारांचे गाव, शेजारची उच्छेळी, दांडी, नवापूर ही किनाऱ्यावरची गावे आणि आत रेल्वेमार्गावर वाढलेले बोईसर हा पट्टा या इतिहासाकडे पाहण्यास सोयीचा आहे. कारण कारखानदारीच्या काळात रस्त्यावर आलेल्या दुचाक्या, रंगद्रव्यांचा उद्योग आणि पोलादाला क्षणभरही स्वस्थ न बसू देणारा खारा वारा या तिन्ही गोष्टी इथे काही मैलांच्या आत एकत्र आल्या आहेत.

टाकी रंगवण्याची कला मोटारसायकलबरोबर जन्मली नाही. एकोणिसाव्या शतकातील घोडागाड्यांच्या कारागिरांकडून ती सायकलींच्या कारखान्यांत आली आणि सायकलींकडून मोटारसायकलींकडे गेली. बग्गीच्या दारावर आणि चाकांच्या आऱ्यांवर लांब केसांच्या ब्रशाने एका श्वासात रेघ ओढणारे कारागीर कोव्हेंट्री आणि बर्मिंगहॅम येथील सायकल कारखान्यांत कामाला लागले, तेव्हा त्यांच्यासमोर लाकडाऐवजी काळ्या ‘जपान’ रंगाची नळी आली. जपान म्हणजे डांबरी राळ आणि तेल यांचे मिश्रण पत्र्यावर चढवून भट्टीत भाजून केलेला चकचकीत काळा लेप, जो शिलाई यंत्रांवरही दिसत असे. सुरुवातीच्या मोटारसायकलींची टाकी चौकटीच्या दोन नळ्यांच्या मधे बसवलेली चपटी पेटी होती आणि तिच्यावर रंगकामाला फारसा वाव नव्हता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस वरच्या नळीवर खोगिरासारखी बसणारी फुगीर टाकी रूढ झाली आणि गाडीच्या सौंदर्याचा सारा भार तिच्यावर आला.

त्याच सुमारास रंगाचे रसायनही बदलले. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने १९२३ मध्ये ‘ड्यूको’ नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला. कापसासारख्या सेल्युलोजवर नत्राम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ द्रावकात विरघळवून हा रंग केला जातो, आणि द्रावक उडून जाताच तो सुकतो. त्यामुळे तेली रंगाच्या एकेका थरासाठी जिथे दिवसचे दिवस थांबावे लागत असे, तिथे काही तासांत पुढचा हात मारता येऊ लागला. मुंबई-पुण्यातील गॅरेजांत आणि फर्निचरच्या कारखान्यांत फवाऱ्याने मारलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाला आजही ड्यूको म्हणतात. हा रंग द्रावकात पुन्हा विरघळतो, ही त्याची उणीव पुढे जुन्या टाक्यांच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडली.

मुंबई बंदरात उतरलेल्या मोटारसायकली बहुतांश ब्रिटिश होत्या. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एरियल या नावांनी शहराच्या रस्त्यांची एक पिढी व्यापली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसएने एम-२० हे मॉडेल लाखाहून अधिक संख्येने बनवले. लष्करी रंगातल्या अशा गाड्या युद्धानंतर नागरी हातांत आल्या तेव्हा नव्या मालकांनी त्यांचा मातकट रंग झाकून काळा, लाल किंवा हिरवा रंग चढवला. मूळ रंग म्हणजे काय, हा प्रश्न अशा टाकीवर पहिल्याच थरात उभा राहतो, कारण सैन्याचा मातकट रंग हाच तिचा कारखान्यातला रंग असतो आणि त्यावरचा झळाळणारा हिरवा रंग तिच्या नागरी आयुष्यातला असतो; दोन्ही खरे असतात, पण दोन वेगवेगळ्या काळांचे असतात.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध वाढत गेले आणि परदेशी गाड्या देशात जोडण्याचे, मग घडवण्याचे पर्व सुरू झाले. मद्रास मोटर्सने रॉयल एन्फिल्डशी हातमिळवणी करून १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. झेकोस्लोव्हाकियात १९२९ पासून बनणारी जावा मुंबईतील इराणी कुटुंबाने आधी आयात केली आणि पुढे म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी उभारून १९६० च्या दशकाच्या आरंभी तिचे उत्पादन सुरू केले. एस्कॉर्ट्सने १९६२ मध्ये पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर राजदूत आणली. या तीन गाड्यांच्या टाक्या तीन निराळ्या घराण्यांच्या होत्या: जुन्या जावाची गडद लाल टाकी आणि तिच्या बाजूचे क्रोमचे चकाकते फलक, बुलेटच्या काळ्या किंवा रंगीत टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, आणि राजदूतची साधी, फारसा नखरा नसलेली टाकी, जी गावोगाव दुधाचे कॅन वाहण्यासाठीच जणू घडवली होती.

घिवलीच्या पट्ट्यात दुचाकीचे युग आले ते मुख्यतः दोन घटनांच्या मागोमाग. तारापूर येथे १९६०च्या दशकात देशातील पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले आणि त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरच्या बाजूला वाढत गेली. पाळीवर जाणारा कामगार, तंत्रज्ञ, कंत्राटदार आणि बंदरावरून बाजारात मासळी पोचवणारा व्यापारी या सर्वांना रेल्वे स्थानकापासून किनाऱ्यापर्यंतचे अंतर रोज कापावे लागे, आणि गाडी एकदा घेतली की ती पंधरा-वीस वर्षे वापरायची, हा त्या टंचाईच्या काळाचा नियम होता. वीस वर्षे वापरायची म्हणजे तीन-चार वेळा रंगवायची, हा त्याच नियमाचा उत्तरार्ध होता.

रंगाच्या दृष्टीने हा प्रदेश केवळ गिऱ्हाईक नव्हता. भारतीय रंगउद्योगाची एक महत्त्वाची पेठ मुंबई होती. लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी निघाली, जी पुढे गुडलास वॉल आणि नंतर नेरोलॅक या नावांनी ओळखली गेली. गिरगावातील एका गॅरेजमध्ये १९४२ साली चार मित्रांनी एशियन ऑइल अँड पेंट कंपनी सुरू केली, तीच आजची एशियन पेंट्स. मुंबईत जागा अपुरी पडू लागल्यावर रसायन उद्योग उत्तरेला सरकला आणि तारापूर वसाहतीत रंगांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायने, रंगद्रव्ये, रंगलेपित आणि जस्तलेपित पत्रे यांचे कारखाने आले. १९३१ मध्ये दांडेकरांनी शाई बनवून सुरू केलेल्या कॅम्लिनचाही कारखाना याच वसाहतीत आहे. या भरभराटीची किंमत मात्र किनाऱ्याने मोजली. वसाहतीचे सांडपाणी खाडीत आणि नवापूरच्या समुद्रात जात राहिले, मासळी आटल्याच्या तक्रारी घिवली-दांडीपासून मुरब्यापर्यंत होत राहिल्या आणि अखेरीस अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. रंगाच्या इतिहासात या पाण्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक ठरेल.

आता टाकी आणि समुद्र यांच्या नात्याकडे वळता येईल. टाकी सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याची असते. दोन अर्ध्या भागांना साच्यात दाबून आकार देतात आणि कडा जोडून डाग देतात. लाट फुटताना उडणारे तुषार वाऱ्यावर सुकत आत येतात तेव्हा त्यांतील मिठाचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसतात, आणि मीठ हवेतील ओलावा ओढून घेत असल्यामुळे पावसाळा नसतानाही पत्र्यावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा राहतो. रंगाला किल्लीचा किंवा अंगठीचा एखादा ओरखडा पडला की त्या फटीतून क्लोराइड आत शिरते, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि रंगाला खालून उचलतो. आधी मोहरीएवढा फोड दिसतो, मग फोडापासून दोऱ्यासारख्या तपकिरी रेषा रंगाखालून वळवळत पुढे सरकतात आणि शेवटी तो भाग खपलीसारखा निघून येतो. क्रोमचा फलकही यातून सुटत नाही, कारण शोभेच्या क्रोमचा थर मायक्रोमीटरच्या अंशाएवढा पातळ आणि सूक्ष्म छिद्रांचा असतो. खरे संरक्षण त्याखालच्या निकेलकडे असते आणि निकेल फुटले की फलकावर तांबूस पुरळ उठते.

टाकी आतूनही कुजते. अर्धी भरलेली टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतील बाष्प थेंब होऊन पेट्रोलच्या खाली तळाशी साचते, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर तळाचा पत्रा चाळणीसारखा होतो. अलीकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने यात भर घातली आहे, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रंगांना व डागांना पेट्रोलपेक्षा अधिक बाधते. झाकणापाशी ओघळलेल्या इंधनाने टाकीच्या माथ्यावरची रेघ सर्वांत आधी विरते. जुन्या गाडीची रेघ झाकणाच्या मागच्या बाजूला तुटलेली दिसते त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

अशा टाकीवर स्थानिक गॅरेजमध्ये होणारे काम ठरावीक असे. पोचा ठोकून वर काढायचा, खड्ड्यात लांबी भरायची, म्हणजे पुट्टीचा लेप देऊन तो घासून सपाट करायचा, त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि मग फवाऱ्याने मालकाच्या आवडीचा रंग मारायचा. वेळ आणि पैसा दोन्ही वाचावेत म्हणून जुना रंग मुळापासून काढत नसत, नुसता खरवडून खडबडीत करत आणि त्यावरच नवा थर चढवत. रंगाऱ्यांच्या या काटकसरीबद्दल आजच्या अभ्यासकाने त्यांचे ऋणी असले पाहिजे, कारण त्यांनी काटेकोर काम केले असते तर १९६०च्या दशकातला एकही थर उरला नसता. पावसाळ्यात मात्र किनाऱ्यावरचे रंगारी लॅकरच्या कामाला हात लावत नसत, कारण द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतील पाणी ओल्या रंगावर बसते आणि काळी टाकी दुधाळ होऊन जाते. काम अडलेच तर सावकाश उडणारा थिनर मिसळून वेळ मारून नेत.

मूळ रंगाचा शोध सुरू होतो तो टाकी उतरवण्यापूर्वी. आरसी बुकातील रंगाची नोंद पहिला धागा देते. पण ती केवळ ‘लाल’ किंवा ‘काळा’ एवढेच सांगते आणि कोणता लाल हे सांगत नाही. खरा पुरावा जिथे कधी ऊन पोचले नाही आणि ज्याला कोणी मुद्दाम रंगवले नाही अशा जागी मिळतो: गुडघ्यांसाठी बाजूला लावलेल्या रबरी पॅडखाली, धातूच्या बोधचिन्हामागे, आसनाच्या टोकाखाली, आणि विशेषतः टाकीच्या पोटातील त्या बोगद्यात, जिथे चौकटीची नळी जाते आणि जिथे कारखान्याच्या फवाऱ्याचा उडता रंग पडून राहिलेला असतो. पॅड काढल्यावर दिसणारी जागा आणि तिच्या सभोवतालचा रंग यांतील फरक थक्क करणारा असतो. सेंद्रिय लाल रंगद्रव्ये उन्हात विटतात, त्यामुळे वर विटकरी झालेली टाकी पॅडखाली डाळिंबाच्या दाण्यासारखी गर्द निघते.

जिथे सगळीकडे पुन्हा रंग चढलेला असतो तिथे थर उलगडावे लागतात. टाकीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर गोल फिरवत उथळ खळगा केला, की थर एकामागून एक वर्तुळांच्या रूपात उघडे पडतात. सर्वांत बाहेर कालचा निळा, त्याच्या आत पांढुरकी लांबी, मग काळा, मग रेड ऑक्साइड, मग पुन्हा एक गडद लाल आणि अगदी मध्यावर राखाडी किंवा तपकिरी प्रायमर व उजळ पत्रा, असा क्रम लागतो. कारखान्याचा थर ओळखण्याची खूण ही, की त्याच्याखाली लांबी नसते आणि त्याच्या प्रायमरखालचा पत्रा घासलेला नसून साच्यातून आला तसा गुळगुळीत असतो. मग कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून प्रत्येक वर्तुळावर हलकेच टेकवतात. बोळ्याला रंग लागला तर तो थर लॅकरचा, सुरकुतला पण सुटला नाही तर हवेत सुकलेल्या एनॅमलचा, आणि काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला अथवा अलीकडचा दोन घटकांचा रंग, असा अंदाज बांधता येतो. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या रंगांत शिशाचे क्रोमेट असण्याचा संभव मोठा असल्याने हे घासकाम नेहमी ओलेच करावे लागते आणि धूळ उडू देता येत नाही.

छटा जुळवताना एक चूक वारंवार होते. नायट्रोसेल्युलोज काळाबरोबर पिवळसर होतो, म्हणून जुन्या टाकीवरची हस्तिदंती पट्टी जशी दिसते तशी जुळवली तर ती कारखान्यातून निघालेल्या पट्टीपेक्षा गडद येते. लाल रंगाच्या बाबतीत उलट घडते आणि विटलेल्या थरावरून जुळवलेला लाल फिका येतो. त्यासाठी मूळ थराची वरची मेलेली त्वचा पॉलिशने काढून खालचा ताजा रंग उघडा करावा आणि तोच दिवसाच्या उजेडात पाहावा, कारण दोन रंग ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसूनही सूर्यप्रकाशात निराळे निघू शकतात. रंगाच्या दुकानातील मोजणी यंत्र छटेचे सूत्र काढून देते; तरी कोणत्या जागेचे माप घ्यायचे हा निर्णय यंत्र घेत नाही.

रेघेचा शोध याहून नाजूक असतो. अंधाऱ्या खोलीत टाकी ठेवून दिव्याचा झोत अगदी तिरका पाडला, तर वरच्या दोन-तीन थरांखाली दबलेल्या जुन्या रेघेचा उंचवटा छायेच्या रूपाने दिसू लागतो, कारण रेघेच्या रंगाची जाडी वरच्या थरांतूनही पुरती बुजत नाही. ती छाया बटर पेपरवर उतरवून घेतात. झाकणाचा काठ, टाकीची शिवण आणि बोधचिन्हाचे स्क्रू या स्थिर खुणांपासून रेघ किती अंतरावर आहे याची मापे त्याच कागदावर लिहितात. डावी-उजवी बाजू स्वतंत्र उतरवावी लागते, कारण हाताने ओढलेल्या रेघा दोन्हीकडे सारख्या नसतात आणि एकाच बाजूचा कागद उलटून दुसरीकडे वापरला, तर कारागिराच्या हाताची मूळ ठेवण हरवते.

रेघ केवळ शोभेसाठी नव्हती, हेही या अभ्यासातून उमगते. क्रोमचे फलक असलेल्या ब्रिटिश टाक्यांवर सामान्यतः संपूर्ण टाकीला मुलामा देऊन मग फलकाबाहेरचा भाग रंगवत. त्यामुळे रंग आणि क्रोम जिथे भेटतात तिथे मास्किंगची खरबरीत कड राही, आणि सोनेरी रेघ नेमकी त्या कडेवर ओढली की कड झाकली जाई व रंगाची उघडी बाजू बंद होई. म्हणून रेघ उडालेल्या टाकीवर गंज बहुतेकदा त्याच सांध्यातून शिरतो. याच रचनेमुळे पुनरुद्धार करणाऱ्यापुढे एक कठीण पेच उभा राहतो: फलकांचे क्रोम पुन्हा करायचे तर टाकी आम्लाच्या हौदात बुडवावी लागते आणि त्यात उरलासुरला मूळ रंगही जातो, मूळ रंग राखायचा तर पुरळ आलेले क्रोम तसेच ठेवावे लागते. ज्या टाकीवर मूळ रंग निम्म्याहून अधिक शाबूत आहे, तिचे क्रोम पुरळासह राखावे हेच योग्य; नवे क्रोम कधीही करून घेता येते, १९६२ सालचा रंग पुन्हा मिळत नाही.

रेघ ओढण्याचा ब्रश तलवारीच्या पात्यासारखा तिरपा आणि लांब केसांचा असतो, म्हणजे त्यात भरलेला रंग हातभर रेघेला पुरतो. केस बहुधा खारीचे. भारतात मुंगसाच्या केसांचे ब्रशही सर्रास वापरले जात, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या व्यापारावर बंदी आहे आणि त्यासाठी मुंगसांची जी कत्तल होत असे ती पाहता ही बंदी रास्तच म्हणावी लागेल. रेघ ओढताना मनगट आखडून धरतात, करंगळी टाकीच्या कडेवर टेकवून तिला वाटाड्या करतात आणि हात न हलवता सारे शरीर मागे सरकवतात. दाब जरा वाढला की रेघ जाड होते, त्यामुळे वळणावर दाब किंचित कमी करावा लागतो. जिथे रेघ सुरू झाली आणि जिथे ती स्वतःला येऊन मिळाली तो सांधा टाकीच्या मागे, आसनाच्या छायेत ठेवतात. जाणकार माणूस मूळ रेघ आहे की नवी, हे आधी त्या सांध्यावरून ओळखतो. रॉयल एन्फिल्डच्या मद्रासच्या कारखान्यात ही पद्धत इतर कारखान्यांनी ती सोडून दिल्यावरही दीर्घकाळ टिकली.

घिवलीच्या किनाऱ्यावर याच हाताची दुसरी परंपरा होती आणि काही प्रमाणात अजून आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची डागडुजी व रंगकाम होते. पूर्वी लाकडी फळ्यांना माशाचे तेल आणि राळ चोपडत, पुढे तेली रंग आले, तरी काठालगतचा पट्टा, नाळेवरचे नाव आणि आता सक्तीचा झालेला आयएनडी-एमएच हा नोंदणी क्रमांक ब्रशानेच काढला जातो. फुगीर पृष्ठभागावर सरळ भासेल अशी रेघ ओढणे म्हणजे प्रत्यक्षात ती किंचित वाकडी ओढणे, हे गणित होडीच्या कुशीवर आणि टाकीच्या कुशीवर एकच असते. गाड्यांच्या नंबरप्लेटही हाताने रंगवल्या जात, पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा पाटी येऊ लागली आणि ब्रशवाल्या रंगाऱ्यांचे ते नेहमीचे काम गेले.

हाताच्या रेघेचा ऱ्हास मात्र त्याच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. १९८०च्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या शंभर सीसीच्या गाड्या, म्हणजे हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, बजाजची कावासाकी, या गाड्यांच्या टाक्यांवर छापील पट्ट्या आल्या. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर छापलेली चिकटपट्टी टाकीवर लावायची आणि काही गाड्यांवर तिच्यावर पारदर्शक लेप द्यायचा, ही रीत स्वस्त, वेगवान आणि प्रत्येक गाडीवर तंतोतंत सारखी होती. त्याआधीच्या काळातील बोधचिन्हे पाण्यात भिजवून सरकवण्याच्या ट्रान्सफरची असत, ज्यांत कागदावरचा रंगीत पापुद्रा ओल्या टाकीवर उतरत असे. पुनरुद्धाराच्या दृष्टीने ट्रान्सफर आणि स्टिकर यांत मोठा फरक आहे, कारण ट्रान्सफरचा पापुद्रा रंगाशी एकजीव होतो, तर स्टिकरची जाड कड बोटाला जाणवते आणि किनाऱ्यावरच्या हवेत तिच्याखाली ओलावा धरतो. १९६०च्या दशकातील टाकीवर आजचा व्हिनाइल स्टिकर लावणे ही अनेक चकचकीत पुनरुद्धारांतली सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

आतला गंज काढण्याची घाई बाहेरच्या रंगाच्या मुळावर येते. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, पण झाकणातून ओघळलेला त्याचा एक थेंब जुन्या लॅकरवर कायमचा डाग पाडतो. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद वीजप्रवाह सोडून गंज सोडवण्याची पद्धत जुन्या रंगाच्या टाकीसाठी अधिक सुरक्षित ठरते, अर्थात सोड्याचे पाणीही रंगावर सांडू द्यायचे नसते. किनाऱ्यावरच्या टाकीला आणखी एक पथ्य आहे. ज्या उघड्या पत्र्यावर प्रायमर लावायचा तो गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन मीठ काढून टाकावा लागतो; पत्रा डोळ्याला लख्ख दिसला तरी त्याच्या खाचांत राहिलेले मीठ रंगाच्या थरातून पाणी आत ओढते आणि वर्षभरात नव्या रंगावर तेच जुने फोड उठतात. विहिरीचे पाणी मचूळ असलेल्या गावांत तर धुण्याचे पाणीही पारखून घ्यावे लागते.

कायद्याने या विषयाची दखल उशिरा घेतली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मालिका दिली आणि अशी गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बांधणीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट घातली. या व्याख्येत रंगाच्या अस्सलपणाला वेगळे स्थान नाही. त्यामुळे मूळ रंगाची टाकी आणि काल रंगवलेली टाकी नोंदणीच्या दृष्टीने सारख्याच ठरतात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तुरिन सनद याबाबत स्पष्ट आहे: आहे ते जपणे पहिले, त्यातून भागले नाही तर दुरुस्ती, आणि संपूर्ण पुनरुद्धार सर्वांत शेवटी.

भारतीय गॅरेजांत हा क्रम उलटा चालतो, आणि त्याचे कारण अज्ञानापेक्षा अभिमान हे आहे. वडिलांची गाडी नव्यासारखी करून दाखवणे यात मुलाला आदर वाटतो आणि तो आदर खोटा नाही. परंतु वडिलांनी ज्या टाकीवर हात ठेवला ती टाकी भट्टीतून नव्या रंगाने निघाली, की त्यांच्या गुडघ्यांनी घासून पातळ केलेली लाल कड तिच्यावर उरत नाही. सोळा-सतरा ठिकाणी टवके उडालेली, एका बाजूची रेघ पुसट झालेली टाकी मेणाचा पातळ हात देऊन आणि टवक्यांपुरता रंग भरून जपता येते. असा भरलेला रंग पुढे काढता येईल असाच वापरावा आणि त्याची नोंद गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी.

जावाचे नाव १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत नव्या गाड्यांसह पुन्हा बाजारात आले आणि त्याच आयडियल जावा घराण्यातली येझदीही २०२२ मध्ये परतली. म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता. नव्या गाडीची लाल छटा दुकानात डब्यातून मिळते, त्यामुळे जुन्या टाक्यांनाही हाच रंग चढवण्याचा मोह होतो, आणि तसे होत राहिले तर काही वर्षांनी म्हैसूरचा १९६०च्या दशकातला लाल रंग कसा होता हे ठरवण्यासाठी नमुनाच उरणार नाही. म्हणून बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात अशी एखादी टाकी गॅरेजमध्ये आली, तर लांबीला हात घालण्यापूर्वी गुडघ्याचे रबर काढून खालच्या रंगाचा उजेडात, मोजपट्टीसह फोटो घ्यावा, रेघा बटर पेपरवर उतरवाव्यात आणि टाकीच्या बोगद्यातील तळहाताएवढी जागा कागदी टेप लावून तशीच सोडावी.